पोळ्याची गाडी

प्रिय प्रणालीचे बाबा,

काल रात्री माह्या डोळ्याले डोळा लागला नाही. तुम्ही बाजूले घोरत होते, पोट्टी मधात आडवी पडली होती, अन् मी पंख्याकडे पाहत होती. कारण सांगते. परवा दत्तूभाऊनं मले एक गोष्ट सांगतली, तेव्हापासून माह्या पोटात नुसत्या गुदगुल्या होऊन राहिल्या. तुमाले लांबची लाइन भेटू शकते. बोरगाव-नागपूर, नागपूर-बोरगाव नाही. हैदराबाद, बंगलोर, कोइमतूर, त्या म्हाताऱ्या ड्रायव्हर बापूजीले भेटते तशी, बारा महिने. हे तोंडानं सांगतलं असतं तं तुम्ही म्हटलं असतं, तू भाकरी थाप, गाडीचं मले कळते. म्हणून लिहून राहिली. तुमच्या गाडीवरच्या क्लीनर वैभवभाऊच्या हातात देईन अन् सांगीन, हैदराबादले माल खाली व्हायले लागला का याइले वाचून दाखवा, त्याच्या आधी नाही. तुमाले अक्षर दिसलं का जांभया येतात, मले माहीत आहे. वैभवभाऊ, मी आठवीपर्यंतच शिकली, माहं लिहिलेलं सांभाळून घ्या.

तुमाले वाटते मी शकुंतलाकाकूच्या खानावळीत दिवसभर पिठात हात घालून बसते. बसते तं खरंच. पण चुलीच्या मागं जे खिडकी आहे ना, तिच्या पल्याड दत्तूभाऊचा टेबल आहे. कोणती गाडी कुठं सोडायची ते सारं तिथंच ठरते. प्रणालीले मांडीवर घेऊन मी कणीक मळते अन् कान तिकडं. आधी मलेही तुमच्यासारखंच वाटे, का दत्तूभाऊचे लाडके आहे अन् आपण दोडके. आता तसं नाही वाटत. आता मले कळलं हे चालते कसं, अन् इतकं सोपं आहे का मले हसूच येते.

पाहा ना. तुम्ही माल खाली करता, मंग चहा पेता, मंग जराशी डुलकी घेता, मंग दत्तूभाऊले फोन लावता. तवा तिकडची गाडी दुसऱ्याले गेलेली असते. मंग तुम्ही चिल्लावता, का मी दोन घंट्यापासून रिकामा उभा आहे. अन् बापूजी काय करते? तो माल खाली करायच्या लाइनमधी उभा असतानाच फोन लावते. म्हणते, दत्तू, माह्यापुढं दोनच गाड्या आहे, दुपारपर्यंत मी मोकळा, तिकडून काही निंघत असन तं माह्या नावानं ठेव. बस, एवढंच. दत्तूभाऊ फोन कानाले ठेवूनच दुसऱ्या फोनवर पार्टीले सांगते, हाव साहेब, गाडी आहे. मी डोळ्यानं पाह्यलं. त्यात ना लाड, ना वशिला.

अन् एक सांगते, राग नका धरू. बापूजी खरं बोलते. झोप झाली नसन तं सांगते, झोप झाली नाही, उजाडल्यावर निंघतो. दत्तूभाऊ चिडत नाही, पार्टीले तसंच कळवते. तुमचं मात्र सारं यार्ड ओळखते. त्या दिवशी तुमचा फोन आला, निंघालो म्हणून. दत्तूभाऊनं फोन ठेवला अन् म्हणते, गौतम निंघालो म्हणते तवा तो आंघोळीले बसलेला असते. सारे हसले. शकुंतलाकाकू हसली, मीही हसली, हातात उलथनं तसंच. तवा पिठलं करपलं. मंग मले वाईट वाटलं, कारण तुम्ही खरंच खानावळीच्या मागल्या नळावर आंघोळीले बसले होते, मले साबण मागून राहिले होते.

पण हे सारं बारीकसारीक आहे. खरी गोष्ट पुढं आहे. बापूजीच्या नावानं लोक काय काय बोलतात तुमाले माहीत आहे. दत्तूभाऊच्या घरी तूप पोचवते, त्याच्या पोरीच्या लग्नात राबला, अमुक तमुक. मी त्याले सरळ विचारलं. जेवायले बसला होता, ताटात वरून भाजी वाढली अन् म्हटलं, बापूजी, तुमालेच काऊन भेटते जी लांबची गाडी? म्हातारा म्हणते, पोरी, मी पोळ्याले घरी नसतो.

मले आधी समजलं नाही. मंग समजलं, अन् वाढायची पळी हातातच राह्यली. आपले ड्रायव्हर कुठले आहे? सौंसर, पांढुर्णा, सावरगाव, रामाकोना. पोळा आला का सारे गाड्या उभ्या करतात. कोणाची माय बिमार पडते, कोणाचा क्लच जाते. माल पडला राह्यते, कारखान्याचे साहेब दत्तूभाऊले शिव्या देतात, अन् तो बाहेरच्या गाड्यायसाठी हातपाय जोडते. अन् हेच लोक पोळा झाल्यावर विचारतात, आमाले लांबची लाइन काऊन नाही. बापूजी रामाकोन्याचाच आहे, पण तो त्या दिवशी रोडवर असते. कुठंतरी धाब्यापाशी गाडी धुते, बंपरले गेरू लावते, घुंगरू बांधते, बोनटपुढं नैवेद्य ठेवते. म्हणते, माह्या बापाचा बैल होता, माहा हा आहे. अन् दत्तूभाऊ ते वर्षभर इसरत नाही.

तं मी गेली दत्तूभाऊकडं. पोट्टीले कडेवर घेतलं अन् गेली. म्हटलं, दादा, यंदा पोळ्याची गाडी याइले द्या, अन् मंग ती लाइन याइलेच ठेवा. तो इतका हसला का त्याचा चष्मा घसरला. म्हणते, बाई, पांढुर्ण्याचा गडी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर नसून गाडीवर? मी म्हटलं, असन. तो म्हणते, त्याले विचारलं का? मी पोट्टीचं झबलं सारखं केलं. मंग तो हसायचा थांबला. माह्याकडं पाह्यलं, पोट्टीकडं पाह्यलं. म्हणते, बरं, असं करू. हैदराबादचा माल तं तो नेऊनच राहिला. तिथं खाली झाला का मी त्याले फोन करीन, कोइमतूरची गाडी आहे, जातो का. एकदाच विचारीन. हाव म्हटलं तं लाइन त्याची. कांकू केलं तं बापूजीची.

तं तुमाले वाटून राहिलं असन का हैदराबाद करून पोळ्याच्या आदल्या दिवशी घरी. तसं नाही आहे जी. थोड्या वेळात तुमचा फोन वाजन. दत्तूभाऊचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच हाव म्हणा. आंघोळ मंग करा.

थैलीत खाली पाहा. भाकरी, तिळाची चटणी, अन् पुरणाच्या पोळ्या वेगळ्या फडक्यात आहे, त्या पोळ्याच्या दिवशीच काढा. गेरूची पुडी आहे. घुंगरू आहे, माह्या मायच्या घरचे, ज्या बैलाचे होते तो कधीचाच गेला. बंपरले बांधा. दोघं मिळून बांधा, वैभवभाऊ इटारसीकडचे आहे, त्यायले हे माहीत नसन, त्यायले शिकवा. अन् प्रणालीचा यंदा पहिला तान्हा पोळा. सुताराकडून लाकडाचा नंदी करून आणला, चाकंवाला. ती त्याले ओढत नाही, त्याचे शिंगं चावते. मी तिले इथंच सौंसरले फिरवीन, घरमालकिणीच्या दारात. पांढुर्ण्याले नेणार नाही. सासूबाई रुसन, रुसू द्या.

मी इतकी खुश आहे का सकाळपासून दोनदा मीठ टाकलं भाजीत. लांबची लाइन, बंगलोर, कोइमतूर, मी गुणगुणून राहिली अन् शकुंतलाकाकू म्हणते, काय वं करुणा, नवरा विमान चालवाले लागला का?

पण झोप खुशीनं नव्हती गेली, अर्धी खुशीनं अन् अर्धी दुसऱ्याच गोष्टीनं. रात्री तुम्ही कुशीवर झाले, अन् बाहेरच्या लाइटाचा उजेड तुमच्या गालावर पडला. डोळ्याखालची ती रेघ दिसली. मी बोट नाही लावलं, तुम्ही जागे झाले असते. जरासा वर लागला असता तं डोळा गेला असता, अन् मंग ना लांबची लाइन ना जवळची. वैभवभाऊ, तुमाले माहीत नसन म्हणून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं जाम नदीत मधोमध पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा लावतात. एका काठाले पांढुर्णा, एका काठाले सावरगाव, अन् दिवसभर दगड. त्याले गोटमार म्हणतात. झेंडा पांढुर्ण्यानं तोडला का संपलं. लोक मरतातही. हे पांढुर्ण्याचे, मी सावरगावची. आमच्या लग्नात सारे हसले होते, का आता याच्यावर दगड फेकाले सासरचेच लोक. मीही हसली होती.

मागच्या साली हे झेंड्याच्या पार जवळ गेले. तिकडून माहा भाऊ कुणाल फेकून राहिला होता. तो दगड कोणाचा होता ते कोणी नाही सांगू शकत, इतके हात होते. पण दवाखान्यात याइले टाके घालत होते तवा कुणाल बाहेर पायरीवर येऊन बसला. आत नाही आला. आपल्याच उजव्या हाताकडं पाहत बसला होता, जसा काही तो हात दुसऱ्याचा आहे. मी त्याच्यापाशी बसली. तेव्हापासून तुम्ही त्याचं नाव घेत नाही, अन् प्रणालीच्या बारशाले तो आला नाही. अन् आता तुम्ही दोस्तायपुढं बोलले, का यंदा झेंडा मीच तोडीन. तिकडं कुणालच्या दोस्तायनं ते ऐकलं, अन् त्याले झेंड्यापाशी उभं करून राहिले. हे मले वहिनी सांगते, कुणालची बायको. आम्ही दोघी फोनवर रडतो.

म्हणून गेली मी दत्तूभाऊकडं. किलोमीटरच्या पैशासाठीही गेली, खोटं नाही, ते तं पाह्यजेच. पण पहिले याच्यासाठी गेली, का त्या दिवशी तुम्ही नदीपासून इतके दूर असाले पाह्यजे का कोणी बोलावलं तरी पोचले नाही पाह्यजे. तुमाले कोणी भित्रा म्हणणार नाही. सांगा, मालकानं गाडीवर पाठवलं. शिव्या मले द्या, घरी आल्यावर द्या, मी ऐकीन.

आता कुणाल राह्यला. त्याले मी सांगतलं, भाऊजी यंदा नाही आहे, तूही उतरू नको. तो म्हणते, ताई, तू त्याले घरात कोंडलं असन अन् मले घरी बसवून राहिली, मी घरी बसलो अन् तो नदीत आला तं सारं सावरगाव मले हसन. म्हणते, त्याचा आवाज गाडीतून ऐकला तरच नाही उतरणार, तुह्या पोट्टीची शपथ. म्हणून वैभवभाऊ, किंवा जो कोणी हे वाचत असन, हे फोन नाही लावणार, यायचा हात नाही उचलणार. तुम्ही लावा. नंबर कागदाच्या मागल्या बाजूले लिहिला आहे. आधी इंजिन चालू करा, हॉर्न मारा, मंग फोन याइच्या कानाले लावा. काही नाही बोलले तरी चालन, खाकरले तरी कुणाल ओळखन. पण फोन लावा, आत्ताच लावा, माह्या भावाले फोन लावा.

तुमचीच,
करुणा