वलवणला समुद्र

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी घरूनच उर्से टोलनाक्याच्या सुपरवायझर बजरंगभाऊंना फोन करून सांगून टाकलं, नोकरी सोडली. आवाज चढवूनच सांगितलं. आता वलवणचा आपला होमस्टे हाच धंदा. लोणावळ्यात धबधबा सगळ्यांकडे आहे. समुद्र कुणाकडे आहे? आपल्याकडे! पुण्याहून खाऱ्या पाण्याची टाकी आणली आणि एक मासा. रॅस म्हणतात. प्रवाळात राहतो. बोटाएवढा, हिरवागार, अंगावर लाल-निळ्या रेघा. रस्त्यावर फ्लेक्सही लावला. मासा लहान, फोटो मोठा. कोपऱ्यात माझाही.

चैतालीची अट: शनिवारचे ठाण्याचे पाहुणे खूश होऊन नाताळचं बुकिंग करून गेले तर ठीक. नाहीतर पुढच्या सोमवारी गुपचूप टोलवर. बायकोला व्हिजन नाही. स्वयंपाक मात्र बरा करते.

४ नोव्हेंबर
आई म्हणाली, नवी वस्तू पुजल्याबिगर ठेवू न्हाई. टाकीला हळदकुंकू लावलं. नारळ मी फोडला, मान म्हणून टाकीच्या वरच धरून. निम्मं पाणी आत गेलं. नारळपाणी पौष्टिकच असतं.

संध्याकाळ. मासा दिसत नाही.

५ नोव्हेंबर
दिवसभर टाकीसमोर. नुसती वाळू आणि दगड. आई म्हणाली, ग्येला बिचारा. मी म्हटलं, विश्रांती घेतोय. रात्री बॅटरी घेऊन दोनदा बघून आलो, पण ते सहज.

६ नोव्हेंबर
चैतालीने मला न विचारता दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, ही जात घाबरली की वाळूत शिरते, दिवस दिवस बाहेर येत नाही. थोडं पाणी बदला, वाळूला हात लावू नका, झाकण उघडं ठेवू नका, उडी मारते. हे सगळं मला माहीतच होतं. बोललो नव्हतो, एवढंच. पाणी चैतालीने बदललं. मार्गदर्शन माझं.

७ नोव्हेंबर
उद्या पाहुणे. मासा नाही. वाळूला हात लावायचा नाही, ठरलं.

दुपारी पळीने जरा चाचपलं. पळी म्हणजे हात नव्हे. पाणी गढूळ झालं. चैतालीने पळी हिसकावून घेतली आणि कपाटात कुलपात ठेवली.

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
पाहुणे आले. नवरा-बायको आणि बाईंचे वडील. फ्लेक्ससमोर सेल्फी काढूनच आत आले. टाकीसमोर खुर्च्या मांडून बसले. मी प्रवाळांवर सुचेल ते बोलत राहिलो. आजोबांनी परत परत विचारलं, मासा कुठाय? शर्ट घामाने पाठीला चिकटला.

दुपार
आला! वाळूतून आधी तोंड, मग अख्खा. काय रंग, काय रंग! आजोबा जागचे उठले. बाईंनी तिथल्या तिथे विचारलं, नाताळात खोली मिळेल का. चैताली हसली, या आठवड्यात पहिल्यांदा. देवा, जिंकलो.

जरा वेळाने
काचेवर चमक येत होती. फोटो वरून घ्यावा म्हणून झाकण काढलं. फ्लॅश मारला. मासा उडाला तो थेट आजोबांच्या मांडीवर. आजोबा किंचाळले. मीही. मला तो धरता येईना. चैतालीने ओंजळीत उचलून टाकीत सोडला. वाळूत गडप. जिवंत आहे की नाही, देव जाणे. फार भीती वाटतेय.

९ नोव्हेंबर
बाहेर आला! एक पर फाटलाय, पण खातोय. मला रडूच आलं. आई म्हणाली, लय गुणाचं लेकरू हाय. माशाला म्हणाली.

पाहुणे गेले. जाताना नाताळचं बुकिंग पक्कं करून गेले. माझी योजना शंभर टक्के यशस्वी! फक्त एक विनंती केली चैतालीकडे: तेव्हा यजमान कामावर असले तर बरं. चैताली म्हणाली, तेव्हा कशाला, उद्यापासूनच.

१० नोव्हेंबर, सोमवार
उर्से. वाटलं होतं, पाय धरावे लागतील. बजरंगभाऊंनी उलट खुर्ची पुढे केली आणि विचारलं, उतरली का कावीळ? मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. गेल्या सोमवारी मी फोन ठेवल्याबरोबर चैतालीने त्यांना फोन केला होता. भाऊ, ह्यांना कावीळ झालीय, तापात काहीबाही बरळतायत, मनावर घेऊ नका. आठवड्याने येतील.

तेव्हा मी टाकी आणायला घरातून निघालोही नव्हतो.

डबा उघडला. मुगाची खिचडी, बिनतेलाची, बिनतिखटाची. बजरंगभाऊ म्हणाले, वहिनी किती काळजी घेतात तुमची.