साहेबांचा फोन येईपर्यंत

१ जुलै, सकाळी साडेनऊ

काल रिटायर झालो. चौतीस वर्षं, दोन महिने. फायरमन म्हणून लागलो, लीडिंग फायरमन म्हणून सुटलो. समारंभ झकास झाला. भाषणं सात, त्यातल्या पाचांत माझा उल्लेख. भेट म्हणून भिंतीवरची दोन घड्याळं आणि ही रोजनिशी.

संकल्प: सकाळी आठच्या आत उठायचं नाही. पोट कमी करायचं. डिपार्टमेंटचा विषय घरात काढायचा नाही. आणि वीस तारखेला हिच्याबरोबर मुलीकडे जायचं. नातू चार महिन्यांचा झाला, अजून मी त्याला फोटोतच बघतोय. रजा मिळाली नाही. म्हणजे मिळत होती, पण स्टेशन कुणाच्या भरवशावर टाकून जाणार? तिकिटं काढलीत, दोन्ही खालचे बर्थ. ही रोज एकदा तिकिटं पर्समधून काढून बघते आणि परत ठेवते.

एक महत्त्वाची नोंद. निघताना साहेबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, नवी बॅच येतेय, पोरांना शिकवायला तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही, तयार राहा, फोन करतोच. हिला सांगितलं तर म्हणाली, निरोपाला माणसं असं बोलतातच, आपण नाही का म्हणत, या कधीतरी जेवायला. तिला डिपार्टमेंट कळत नाही. आमच्याकडे ‘तयार राहा’ ही ऑर्डर असते.

२ जुलै, पहाटे ५.००

जाग आली. आठचा संकल्प उद्यापासून.

विचार केला. साहेबांनी तयार राहा म्हटलं, म्हणजे मी स्टँडबायवर. स्टँडबायचे नियम मला शिकवायला नकोत: फोन हाताच्या अंतरावर, जागा सोडायची नाही, बूट पलंगाशी. पँट बुटांवर दुमडून ठेवायची, म्हणजे पाय टाकला की बूट आणि पँट एकदम. सरकारी बूट जमा केले, म्हणून पावसाळी गमबूट काढले. टर्नआउट, म्हणजे पलंगावरून उठून तयार व्हायची कवायत, घेतला. एकेचाळीस सेकंद. या वयात! सांगायला धावत किचनमध्ये गेलो. ही म्हणाली, पँटची चेन लावा.

दुपारी ती त्याच बुटांना अडखळून पडता पडता वाचली. चूक तिची. जाण्यायेण्याच्या वाटेवर लक्ष असावं.

४ जुलै

हिने दूध आणायला सांगितलं. लिफ्टमध्ये रेंज जाते हे समजावून दिलं. जिन्याने जा म्हणाली. तीन मजले उतरून दुकानापर्यंत नऊ मिनिटं, येऊन-जाऊन अठरा. अठरा मिनिटांत एक अख्खी इमारत जळते. दूध तिनेच आणलं. चहा मात्र एकच कप केला, स्वतःपुरता.

७ जुलै, सायंकाळी

वेळ सत्कारणी लावली. घराची तपासणी केली. किचनमध्ये सात त्रुटी, बेडरूममध्ये चार, बाथरूममध्ये एक (बादली रिकामी). रीतसर नोटीस लिहून फ्रिजवर चिकटवली, पूर्ततेची मुदत तीन दिवस. संध्याकाळी बघतो तर हिने खाली लिहिलंय, पाहिलं.

मग तोंडीही बोलली. म्हणे, चौतीस वर्षांत या घरात एकदाही आग लागली नाही, कारण तुम्ही घरी नव्हतात.

मी दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसाने लहानसहान गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतात. रात्रीचं जेवण गेलं नाही, ते पोट कमी करायचं म्हणून.

९ जुलै

११.१५ ला सायरन. आपली दोन नंबरची गाडी, आवाजावरून ओळखली. खिडकीतून बघितलं तर पट्ठे सरळ चौकाकडे! तिथे रस्ता खोदून ठेवलाय. ताबडतोब कंट्रोल रूमला फोन केला, शाळेच्या मागून न्या म्हटलं. तिथली मुलगी म्हणाली, नोंद घेतली सर.

१० जुलै

पुन्हा फोन केला. काल गाडीला किती मिनिटं लागली ते विचारलं. सांगते काका, म्हणाली.

११ जुलै

आज म्हणाली, काका, ही लाइन इमर्जन्सीसाठी असते, प्लीज.

दोन दिवसांत सरचा काका झालो. शिस्त उरली नाही. साहेबांचा फोन आला की हा विषय पहिल्यांदा काढायचा.

१३ जुलै, दुपारी ३.००

फोन नाही. कारण उघड आहे, पोरांच्या मेडिकल टेस्ट चालू असणार. आपणहून साहेबांना फोन करता येईल, पण करणार नाही. करतो म्हटलेल्या माणसाला आपण फोन करणं म्हणजे लाचारी. चौतीस वर्षांत कुणापुढे हात पसरला नाही.

३.१०. आपला फोन बिघडला तर नाही ना? हिच्या फोनवरून करून पाहिला. वाजतो. व्यवस्थित वाजतो.

तेरा दिवस झाले, बिल्डिंगखाली उतरलो नाही. लोक रिटायर झाल्यावर घर अंगावर येतं म्हणतात. मला असं काही होत नाही. फक्त हॉल पूर्वीपेक्षा लहान वाटतो. मोजला. तेवढाच आहे.

१५ जुलै

गोगलगाय आला होता. गोगलगाय म्हणजे आमचा ड्रायव्हर, आयुष्यात कधी सत्तरच्या खाली चालवली नाही म्हणून हे नाव. चहा प्यायला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, बॅच आठ तारखेलाच सुरू झाली. बाहेरून कुणीतरी ट्रेनर आणलाय, कोट घालून येतो, पडद्यावर चित्रं दाखवतो.

मी हसलो. त्याला सांगितलं, अरे ती थिअरी. प्रॅक्टिकलला मी. धूर पडद्यावर दाखवून कळतो का? तो कपात बघत राहिला. मग म्हणाला, नातवाला बघून या हो, पोरं फार पटकन मोठी होतात. हा कधीपासून पोराबाळांच्या गोष्टी करायला लागला? हिने त्याला आधीच पढवून ठेवलेलं असणार. किचनमधून बाहेर आलीच नाही, त्यावरूनच संशय आला.

१८ जुलै

हिने बॅग भरायला घेतली. माझे चार शर्ट, दोन पँट, दाढीचं सामान, सगळं नीट रचलं. मग विचारलं, येणार ना?

मी शांतपणे समजावलं. प्रॅक्टिकल साधारण तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं. वीसला गाडीत बसलो आणि एकवीसला साहेबांचा फोन आला तर? माणूस जागेवर नाही म्हटल्यावर कायमचं नाव कटतं. ती म्हणाली, तुम्हाला स्टँडबायवर ठेवलंय कुणी? म्हटलं, साहेबांनी. ती म्हणाली, साहेबांना हे माहीत आहे का?

वाटलं आता भांडेल. मी तयारीत होतो, मुद्देही काढून ठेवले होते. पण ती भांडली नाही. बॅगेतून माझे शर्ट एकेक करून काढले आणि कपाटात परत लावले. घडी मोडली होती ती पुन्हा घातली. मग म्हणाली, पोरीच्या लग्नातही तुम्ही अक्षता पडल्यावर पोचला होतात, मला काही नवीन नाही.

त्या दिवशी गोदामाला आग होती. हे मी तिला हजार वेळा सांगितलंय.

२० जुलै, सकाळी १०.४०

ही गेली. एक तिकीट रद्द केलं. स्टेशनपर्यंत सोडायला जाता आलं नाही, प्लॅटफॉर्मवर फोन ऐकू येत नाही. टॅक्सीपर्यंत जाणार होतो. ती लिफ्टमध्ये शिरताना म्हणाली, आत जा, फोन वाजेल.

आता घर माझ्या ताब्यात. कामांना गती येईल.

जेवण: टोस्ट.

२१ जुलै

खरंच गती आली. दारं! आग पसरते ती उघड्या दारांमुळे. लोखंडी स्प्रिंगा पडून होत्या, त्या चारही दारांना बसवल्या. सोडलं की दार आपोआप बंद. बाल्कनीच्या दारात हिने कित्येक वर्षांपासून एक वीट ठेवलीय. कशाला, विचारायचं राहून गेलं. वाटेतला अडथळा, काढून खाली टाकायला ठेवली. चाचणी घेतली: तीन सेकंदांत खट. बघतच राहावं असं काम झालंय.

हिचा फोन आला होता. नातू कुशीवर वळायला लागला म्हणे. मी म्हटलं, लाइन मोकळी ठेवू या, रात्री बोलू. रात्री तिचा आला नाही. मीही केला नाही. लाइन मोकळी ठेवली.

२२ जुलै

विशेष काही नाही. सायरन एक. फोन नाही. पोळ्या जळल्या, पण आटोक्यात.

दिवसभरात कुणाशी बोललो ते आठवून पाहिलं. दूधवाल्याशी. तो म्हणाला, एकच पिशवी?

२३ जुलै, सायंकाळी ६.३०

जे घडलं ते घडलं तसं लिहितो. स्वतःच्या वहीत काय लपवायचं?

११.१० ला सायरन. फोन चार्जिंगला होता. मी बाल्कनीत धावलो. मागे दार लागलं. तीन सेकंद, खट. काम चोख झालंय हे आधीच म्हटलं होतं. त्या दाराला बाहेरून कडी नाही, खटका फक्त आतून. वीट कशासाठी होती ते तेव्हा समजलं.

घाबरलो नाही. परिस्थितीचा अंदाज घेतला. तिसरा मजला, पाइप धरून उतरता येण्यासारखा. गुडघ्याने नकार दिला. तेवढ्यात आत फोन वाजायला लागला. तेवीस दिवस छातीशी धरून होतो तेव्हा नाही, आणि आता! मी काचेला नाक लावून उभा. वाजून वाजून थांबला. मग पुन्हा. काच फोडता आली असती. कुंडीही उचलली होती. पण हिने ती काच स्वतः पसंत करून आणली होती, हात पुढे होईना.

खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई कपडे वाळत घालायला आल्या. काका, बरं आहे ना? म्हटलं, हवा खातोय. एक वाजता पुन्हा आल्या. म्हटलं, इमारतीची पाहणी चाललीय. कुठल्या तोंडाने सांगू? फायरमनने वाचवा म्हणून ओरडायचं नसतं, ओरडणाऱ्याकडे जायचं असतं. ऊन वाढत चाललं होतं. झाडांच्या झारीतलं पाणी प्यायलो. अडीच वाजता बाईंनी काही विचारलंच नाही. सरळ फोन केला.

गाडी आली. सात मिनिटं, चाळीस सेकंद. शाळेच्या मागून आली असती तर सहा. खाली ही गर्दी. शिडी लागली, आणि कालच मिसरूड फुटलेलं एक पोर वर येऊन मला म्हणालं, काका, घाबरू नका, खाली बघू नका, फक्त माझ्याकडे बघा. वाक्य माझं आहे. चौतीस वर्षं मी हेच म्हणत आलो. कुणी शिकवलं, विचारलं. म्हणाला, ट्रेनर सरांनी, कोर्समध्ये आहे.

म्हणजे हीच ती नवी बॅच. प्रॅक्टिकलला बाहेर काढलेली.

पाच पोरं आणि वर इनचार्ज म्हणून बारीक. हे नाव स्टेशनवर पडलेलं, लागला तेव्हा काडी होता; माझ्याच हाताखाली तयार झाला, आता चांगला शंभर किलोंचा आहे. मला बघून त्याची बोबडी वळली. सर, तुम्ही? मी म्हटलं, काम करा आधी. त्यांनी दार उघडलं, काच न फोडता. काम स्वच्छ होतं, मान्य करावं लागेल.

मग हॉलमध्ये फॉर्म भरायला बसलो. एक पोर लिहीत होतं. वय, अठ्ठावन्न. व्यवसाय? म्हटलं, लिही, अग्निशमन. त्याचं पेन थांबलं. बारीककडे बघितलं, बारीकने वर पंख्याकडे. पोराने लिहिलं, घरीच असतात.

शेवटचा रकाना, सुटका केलेली व्यक्ती कोणाच्या ताब्यात दिली, नाव, नातं, सही. हा रकाना माझ्यामुळे आहे. एकदा लिफ्टमधून काढलेल्या एका म्हाताऱ्याला आम्ही त्याच्या दाराशी सोडून आलो, तो दिवसभर पायरीवर बसून होता, घरात कुणी नव्हतंच. तेव्हा मी साहेबांशी भांडून हा रकाना घालून घेतला. सहीशिवाय माणूस सोडायचा नाही. त्यामुळे आता सहा जण माझ्या हॉलमध्ये बसून, आणि सही करायला कुणी नाही. बाईंचा क्लास सुरू झालेला. मी म्हटलं, मीच करतो. बारीक कानकोंडा होऊन म्हणाला, सर, स्वतःला स्वतःच्या ताब्यात देता येत नाही, तुम्हीच सांगितलंय.

शेवटी त्याने माझा फोन हातात घेतला. पाच मिस्ड कॉल. पाचही हिचे. त्याने तिलाच लावला, स्पीकरवर. म्हणाला, वहिनी, काळजीचं काही नाही, सर सुखरूप आहेत, फक्त त्यांना ताब्यात घ्यायला कुणीतरी पाहिजे, तुम्ही घेता का?

पलीकडून फक्त नातवाचं हुंकारणं ऐकू येत राहिलं. मी आजवर शेकडो माणसं अशी नातेवाइकांकडे सोपवली, हो म्हणायला एवढा वेळ कुणी घेतला नव्हता. मग म्हणाली, घेते. पण आणून कोण देणार?

मी म्हटलं, मी येतो. उद्याच निघतो. मिळेल त्या गाडीने, उभ्याने येतो.

ती म्हणाली, आणि साहेबांचा फोन आला तर?

मी म्हटलं, नाही येणार गं.

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. म्हणून झाल्यावर जरा थांबलो. खोलीत सहा जण होते, सगळे डिपार्टमेंटचे. नाही हो सर, असं कसं, असं कुणी म्हणालं नाही. बारीकने नात्याच्या रकान्यात पत्नी लिहिलं, सहीच्या जागी फोनवरून, आणि पोरं शिडी आवरायला खाली गेली.