बाबांचा चमचा

बाबा,

तुम्ही फिरून याल तोवर मी कामावर गेलेली असेन. पिल्लू झोपलाय, शेजारच्या काकू त्याच्याजवळ बसल्यात.

पाळणाघर सुरू झाल्यापासून त्याचं एक दुखणं सरतं न सरतं तोच दुसरं हजर. तो राग मी काल तुमच्यावर काढला. काकूंसमोर तुमच्या हातातून चमचा हिसकावला, म्हणाले, "तुमच्या उष्ट्यानंच त्याचं पोट बिघडतं." तुम्ही चमचा धुऊन जागेवर ठेवलात.

आज पाळणाघरात फोन केला. ताई म्हणाल्या, "अहो, सगळ्या पोरांना जुलाब आहेत! पहिल्या वर्षी मुलं खेळणी वाटून घेत नाहीत, आजार मात्र घेतात."

तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते, म्हणून ही चिठ्ठी.

सकाळी मऊ भात भरवायला गेले, तर पठ्ठ्यानं ओठ घट्ट मिटले. चमचा घेतला आणि तुमच्या रिकाम्या खुर्चीपुढे धरून बसला. तुम्ही ओठाला लावून "निवला रे राजा" म्हटल्याशिवाय त्याला घास जात नाही.

भात झाकून ठेवलाय. शेजारी दोन चमचे आहेत. मोठा तुमच्या ओठाला, धाकटा त्याच्या. संध्याकाळी काकूंना थांबवून घ्या. माफी त्यांच्यासमोरच मागायची आहे.

सूनबाई