शेवटचा फर्मा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, आता निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो मुद्दाम आधी जोडला, कारण पुढे एक बाई येणार आहे जी फक्त कागदावर आहे.

कलम एक. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागचा ओटा, तसंच बँकेतली सगळी शिल्लक माझ्या मुलीला. दुसरा वारस होता. तो एकोणिसाव्या वर्षी बोटीवर कामाला गेला. बोट सापडली, तो सापडला नाही.

कलम दोन. माझ्या शिवणीच्या सुया, मेणाचा खडा आणि घडी दाबायची हाडाची पट्टी कारखान्यातल्या मुलींना. पट्टी झिजून माझ्या उजव्या अंगठ्याच्या मापाची झाली आहे. डावखुरीच्या वाट्याला आली तर ती बोंब मारेल. मारू दे.

कलम तीन. शेजारच्या मावशींना माझी कापसाची उशी. मुलगा गेल्यावर महिनाभर रोज येऊन त्या मला "मन घट्ट कर" म्हणत होत्या. ते इतकं घट्ट झालं होतं की टिपूस निघत नव्हता. उशीवर डोकं टेकून त्यांनी आता जरा गप्प पडावं. राग नाही. थोडा आहे.

कलम चार. कारखान्याच्या मालकांनी त्याच दिवसांत मला 'मुकी' हे नाव पाडलं. ते नाव त्यांना साभार परत.

कलम पाच. वाटणी नाही, खुलासा आहे. मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात. घड्या घातल्या की त्याचा फर्मा होतो, आणि फर्मे शिवले की पुस्तक. दिवसभर एकाच फर्म्याच्या घड्या घालायच्या, त्यामुळे वर येणारं शेवटचं पान हजारदा डोळ्यांखालून जातं. मुलगा गेल्यावर चौथ्या महिन्यात एका कादंबरीचा सातवा फर्मा माझ्याकडे आला. वर पान एकशे बारा. त्यात दीपगृह सांभाळणारी एक बाई होती. तिचाही मुलगा समुद्रावरून परतला नव्हता. ती त्याचा स्वच्छच सदरा रोज धुवायची आणि दोरीवर घालताना बाह्या सरळ करायची. पहिल्या दिवशी मी तो सदरा हजारदा वाळत घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाह्या सरळ होता होता, माझा बांध फुटला. घरी खुंटीवर मुलाचा सदरा चार महिने तसाच होता. त्या संध्याकाळी मी तो धुतला.

तेव्हापासून ती बाई माझ्याकडे येते. दुपारी डोळा लागता लागता ओट्यावर बसलेली दिसते. हातांना दिव्याच्या तेलाचा वास असतो. बोलत नाही. दोरीवर दोन सदरे हलत असतात, वारा नसला तरी. ती नुसती शाई आहे हे मला कळतं. पण जिवंत माणसं मला सावर म्हणाली, आणि ही काहीच न म्हणता शेजारी बसली.

कलम सहा. बांध फुटला त्या दुपारी पंधरा वर्षांची माझी मुलगी डबा घेऊन कारखान्यात आली होती. तिने विचारलं, "आई, दादासाठी रडतेस?"

मी खरं ते सांगितलं. "नाही गं, या पानातल्या बाईसाठी."

"दादासाठी एक थेंब नाही, आणि कागदातल्या बाईसाठी डोळे सुजवलेस!"

याला सव्वीस वर्षं झाली. ती माझं औषधपाणी बघते, दवाखान्यात नेते, आज वकिलांकडेही तीच घेऊन आली. पण बोलते कामापुरतं. तो सदरा कोणाचा होता हे तेव्हा माझं मलाच कळलं नव्हतं. कळलं तेव्हा सांगायला जीभ रेटली नाही.

म्हणून ते पुस्तक तिला. खराब छपाईच्या, टाकाऊ कागदांतून मी माझी प्रत बांधली. पान एकशे बारा फुगलं आहे, ते छत गळून नव्हे. शेवटचा फर्मा शिवलेला नाही. कारखान्यात त्याच्या घड्यांचं काम मी दुसरीच्या गळ्यात मारलं आणि माझ्या प्रतीतला तो घरी घडीही न घालता पुठ्ठ्यांमध्ये ठेवला. बाई शेवटी वाट पाहणं सोडते की काय, या भीतीने आजवर वाचला नाही. माझ्यामागे मुलीने तो वाचावा आणि समजून घ्यावं, की मी त्या दिवशी रडले ते

येथे थांबले. वकीलसाहेब म्हणतात, वाक्य पुरं करा.

कलम सहा रद्द समजावं. मेल्यावर सांगायची ही गोष्ट नाही. पुस्तक पिशवीतच आहे. जिला मिळायचं तिला साक्षीला बसता येत नाही, म्हणून मुलगी बाहेर बाकावर आहे. जाऊन येते, मग सही करते.

बाकी कलमं कायम. पुन्हा वाचून पाहिली, माझीच आहेत.

सही
ठिकाण: वकिलांची कचेरी, खिडकीजवळची खुर्ची
दिनांक: आजचाच, मंगळवार, दुपारी साडेचार

साक्षीदार पहिले, वकिलांचे कारकून: कलम सहा बाईंनी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने खोडलं.

साक्षीदार दुसरे, खालच्या मजल्यावरचे शिंपी: बाई बाहेर गेल्या त्या तासाभराने सहीला आल्या. डोळे लाल, बुद्धी शाबूत. मधे त्यांची मुलगी दारात येऊन म्हणाली, "काका, सुई आहे का? जाड दोराही द्या." कॉलरला खोचलेली होती, ती दिली. मी ही सही करेपर्यंत सुई परत आलेली नाही.