शिट्टीची किटली

मुलुंड, मंगळवार, १२ जानेवारी १९८८

आज सासऱ्यांशी खोटं बोलले. पहिल्यांदा नाही, पण आजचं मनातून जाईना.

गॅस वाचावा म्हणून ह्यांनी शिट्टीची किटली आणली. पाणी उकळलं की वाजते. मी त्याच्याही पुढे गेले, शिट्टी व्हायच्या आतच गॅस बंद करते. आबांच्या खोकल्याला कोमट पाणी पुरे. सिलिंडर चार दिवस जास्त गेला तर वाईट काय?

पण आबा खाटेवर शिट्टीकडेच कान लावून बसतात. सकाळी पाणी नेलं तर म्हणाले, "शिटी वाजूक नाय गो?"

तोंडातून निघून गेलं, "वाजली की, आबा! तुम्हाला ऐकू नाही आली?"

गिरणीत मागांच्या खडखडाटात आबांचा उभा जन्म गेला, बरोबरचे सगळे बहिरे झाले, पण आपले कान शाबूत, ही त्यांची एकुलती एक मिजास. नंतर कितीतरी वेळ करंगळी कानात घालून हलवत होते. आणि मला चक्क बरं वाटलं. का वाटावं? नऊ वर्षं माझ्या कालवणाला नावं ठेवली म्हणून?

संध्याकाळी शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली. चांगली लांबलचक. आबांचा चेहरा फुलला.

"आता वाजली ना गो?"

मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही.

"नाही, आबा. कुठे काय वाजलं?"