तळघरातला एकुलता एक प्रिंटर

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसून घालतोय, पण भाव तोच). तुझा गुडघा आणि काकांचं घोरणं, दोन्हींपैकी काही कमी झालं का? माझी प्रकृती उत्तम, नोकरीची तेवढी तोळामासा आहे. तुझ्या शब्दावर साहेबांनी मला ठेवून घेतलं, तेव्हा त्यांच्या बहिणीकडून, म्हणजे तुझ्या मैत्रिणीकडून, तुझ्या कानावर काहीबाही जाण्याआधी मीच सगळी हकिगत कळवतो.

कचेरीत चौऱ्याऐंशी नवे संगणक आले. एकेकापुढे बसून सगळं भरत बसलो असतो तर तिथेच निवृत्त झालो असतो. म्हणून मी शहाणपणा केला. संगणक जे जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं एका फाइलीत लिहिली आणि ती सगळ्यांना एकदम पाजली. जेवणाच्या सुट्टीआधी चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी तयार! साहेबांनी पाठ थोपटली (ती थाप अजून आठवते, कारण नंतर तशी मिळाली नाही). फक्त 'प्रिंटर कोणता?' याचं उत्तर मी चाचणीपुरतं लिहिलं होतं, तळघरातल्या गोदामातला, कारण मला टेबल तिथेच मिळालंय. ते बदलायचं राहिलं. आता कुठल्याही मजल्यावरून कुणीही काहीही छापलं की कागद निघतो तळघरात. लिफ्ट तिथवर जात नाही. तिसऱ्या मजल्यापासून बासष्ट पायऱ्या.

गोदाम सांभाळणारे कुलूपकाका (आत बसले तरी कडी लावून बसतात) पहिल्या दिवशी कडाडले, "ही काय धर्मशाळा आहे?" दुसऱ्या दिवशी त्यांनी चार खुर्च्या मांडल्या. तिसऱ्या दिवशी येणाऱ्याला पाणी विचारू लागले. दोन वर्षं अबोला धरलेले दोन विभागप्रमुख बोलायला लागले (एकमेकांत मिसळलेले कागद निवडायचे तर करणार काय?).

चौथ्या दिवशी प्रिंटरमधून माझ्याविरुद्धचीच तक्रार बाहेर आली. मी वाचतोय तोवर ती लिहिणारी, तक्रार विभागातली, धापा टाकत हजर. मी म्हटलं, "'बेजबाबदार' बरोबर आहे, पण मजकूर जरा त्रोटक वाटतो." ती म्हणाली, "सकाळपासून तीनदा खाली आलेय, लिहायला दम कुठे उरला?" तेव्हापासून रोज साडेअकराला येते. परवा तर कोरा कागद छापून तो न्यायला आली होती.

साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय. तोवर सुरळीत झालं नाही तर नोकरीला रामराम. दुरुस्ती फार किचकट आहे, पण मी शर्थ करतोय. काळजी नसावी.

तुझा भाचा

ता. क. दुरुस्ती किचकट नाही. एक ओळ बदलून सगळ्यांना पुन्हा पाठवायची, दहा मिनिटांचं काम. चूक चौथ्या दिवशी सकाळीच सापडली होती. पण दुरुस्त केलं तर ती खाली कशाला येईल? तेव्हा आईच्या कानावर तू घाल, आणि त्या तक्रारवालीला लग्नाचं विचारायचं कसं, तेही सोमवारच्या आत फोन करून सांग. माझी जीभ रेटत नाही.

ता. क. २. हे पत्र वरच्या मजल्यावर, दुरुस्ती चालल्यासारखं दाखवत टाइप केलंय. छापलं की धावत खाली जाऊन पाकिटात घालतो.

ता. क. ३ (पेनाने, वेगळ्या अक्षरात). मावशी, नमस्कार. तो पोचला तेव्हा मी खालीच होते. पायऱ्या बासष्ट नाहीत, त्रेसष्ट आहेत. मी रोज मोजते. बाकी माझी काही तक्रार नाही. त्याला म्हणावं, ती ओळ आजच बदल.