अक्काचं कार्ड सुरतेत चालतं, दाजी

सुरत, रविवार

आदरणीय दाजी यांस,

विंझरच्या चिमाजीचा, म्हणजे तुमच्या धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार. तुमचा दमा, दोन्ही बैल आणि राग, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा. (अक्का लेकाकडे, इंद्रजितकडे, सुरतेला राहायला आली म्हणून तुम्ही मोबाईल बंद करून ठेवलाय, हे आमच्या विंझरच्या दूधवाल्यानं सांगितलं.) त्यामुळं हे पत्र माझ्या टेम्पोवरच्या भिमाच्या हाती पासलीला धाडतोय.

अक्काच्या पित्ताशयात खडे निघालेत. रात्रंदिवस कण्हते. इंद्रजितच्या खोलीजवळच्या दवाखान्यात आयुष्मान कार्ड पुढं केलं, तर तिथला माणूस म्हणाला, महाराष्ट्राचं कार्ड महाराष्ट्रात न्या. मी तिला माघारी न्यायला टेम्पोत गादीसुद्धा अंथरली. तेवढ्यात चहाच्या गाडीवर दोघांचं बोलणं कानावर आलं, की कार्ड परराज्यात चालतं, फक्त दवाखाना योजनेच्या यादीतला पाहिजे. हा यादीत नव्हताच! गादी गुंडाळली आणि यादीतला दवाखाना गाठला.

तिथं काउंटरवरच्या मुलीनं ओळख पटवायला नवऱ्याचं नाव विचारलं. मी सांगायला गेलो, तर पेशंटनंच सांगायचं म्हणे. "कार्डावर लिवलंय की, वाच," अक्का म्हणाली. (मुलीला वाटलं, कार्ड दुसऱ्या कुणाचं आणलंय.) मागची रांग कुरकुरायला लागली. कार्ड परत करायला मुलीनं हात पुढं केला, तशी अक्कानं पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"भात लावला पासलीला, पोटात झाले खडे,
ज्ञानोबारावांचं नाव घेते सुरतेच्या पोरीपुढे!"

रांगेतल्या खानदेशी बायकांनी टाळ्या पिटल्या. मुलीला उखाणा कळला नाही, पण नाव जुळलं. ऑपरेशन गुरुवारी ठरतंय. काळजी नसावी.

तुमचा,
चिमाजी

ता.क. 'ठरतंय' लिहिलं, 'ठरलं' नाही. लावणी करून करून अक्काच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन ते घेतच नाही. आता ओटीपी लागणार, आणि आधारला नंबर तुमचा जोडलेला. तेव्हा मोबाईल चालू करा आणि मंगळवारी सकाळी खिंडीत, रेंज येते तिथं थांबा. नाहीतर कार्ड असून नसल्यासारखं.

ता.क. दुसरा. आकडे मला सांगायचे नाहीत. फोन अक्काच्या हातात असेल. आकडे सांगून झाले की लगेच ठेवू नका.